वानखेडे मॅडमचा तळहात

कुठल्याही शेडमध्ये शिरल्या की वानखेडे मॅडम आधी मशीनवर तळहात ठेवत. नमस्कार, खुर्ची, पंखा, पाणी हे सगळं नंतर. मालक "आइए मॅडमजी, आइए" करत पुढे यायचा आणि या त्याच्या बाजूने सरळ आत जाऊन मोटरच्या पाठीवर हात टेकून उभ्या राहायच्या. आजारी मुलाच्या कपाळाला आई हात लावते, तशा. मालकाचा चेहरा तेवढ्या वेळात पाहण्यासारखा व्हायचा. मग त्या म्हणायच्या, "हं. आता बोला."

मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा, मिलिंदचा, महूहून फोन आला. "काका, आई गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला यायचं आहे. आणि तिच्यावर दोन शब्द लिहून द्या ना. मी वाचून दाखवीन. ऑफिसच्या लोकांपैकी पण कोणी पाहिजे." मी हो म्हणालो. हे तेच दोन शब्द. लांबले आहेत. मिलिंद, मध्ये न थांबता शेवटपर्यंत वाच.

मी इंदूरमध्ये बँकेचा शाखा व्यवस्थापक होतो आणि मॅडम माझ्या हाताखाली निरीक्षक होत्या. नवा धंदा सुरू करणाऱ्या लहान माणसाला काही गहाण न ठेवता कर्ज द्यायचं आणि ते बुडालं तर त्याचा मोठा वाटा सरकारने भरायचा, अशी एक योजना आमच्याकडे चाले. पैसा शेवटी लोकांचाच. म्हणून त्यावर दोन पहारे होते. पहिला बँकेचा: मशीन बसलं की आमच्या माणसाने जागेवर जाऊन ते बघायचं, मगच मशीनवाल्याचे पैसे सोडायचे. दुसरा लोकांचा: जिल्ह्याच्या समितीने गावात उघडी सुनावणी लावायची, कर्जदारांची यादी मोठ्याने वाचायची, आणि ज्याला काही म्हणायचं असेल त्याने उभं राहून म्हणायचं. पहिला पहारा मॅडमचा होता. दुसऱ्याचं पुढे येईलच.

बाई ठेंगण्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि मनगटावर मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ. ते वडिलांचं. वडील फौजेत सुभेदार होते. तळहाताची विद्याही त्यांचीच.

"बाबा पहाऱ्यावरच्या जवानाला काही विचारायचे नाहीत," त्या सांगत. "त्याची पथारी चाचपायचे. गरम लागली की गडी झोपून राहिला होता. घरी पण तेच. माझी परीक्षा असली की बाहेरून आल्या आल्या रेडिओच्या पाठीला हात. त्या जुन्या रेडिओच्या डब्ब्याने मला इतका मार खाऊ घातला आहे, साहेब!"

एवढं सांगून त्या मनापासून हसायच्या. हसताना तोंडावर पदर घ्यायची सवय शेवटपर्यंत गेली नाही, अधिकारी झाल्यावरही नाही.

दुसरी सवय खरेदीची. ज्या कारखान्याची तपासणी करायच्या, तिथली एक वस्तू पदरच्या पैशाने विकत घ्यायच्या. एकदा नमकीनच्या एका नव्या कारखान्यात आम्ही बरोबर गेलो होतो. मोटरला हात लावून झाला, मालकाशी बोलणं झालं, आणि मॅडमनी पाव किलो लवंगेची शेव मागितली. मालकाने दोन किलोची पिशवी भरली आणि पैसे घेईना.

"अरे मॅडमजी, आपसे पैसे? जबरन शर्मिंदा कर रहे हो."

"भिया, फुकट घेतली तर ती तुमची शेव झाली. तारीफ करावी लागते. पैसे दिले की माझी. मग म्हणता येतं की लौंग कम है."

आणि दुकानाबाहेर येऊन, एक मूठ तोंडात टाकून, परत आत गेल्या आणि खरोखरच म्हणाल्या, "लौंग कम है, भिया." महिन्याभराने त्या माणसाने शाखेत येऊन नव्या घाण्याच्या शेवेची पुडी त्यांच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी पैसे दिले, चाखली, मान हलवली. तो माणूस बँकेतून असा गेला जणू कर्ज माफ झालं.

या वस्तू त्या वापरून टाकत असतील अशी माझी समजूत होती. मिलिंदच्या लग्नाच्या वेळी मी महूच्या घरी गेलो तेव्हा बाहेरच्या खोलीत भिंतभर फळी दिसली. अगरबत्त्या, साबणाच्या वड्या, झाडू, शिवलेल्या पिशव्या, मेणबत्त्या, कुणाच्या मसाल्याचा डबा. खाण्याच्या वस्तूंची रिकामी पाकिटं घडी करून ठेवलेली. बाबासाहेबांच्या तसबिरीच्या बरोबर खाली.

"हा साबणवाला बसला," त्या एकेक वस्तूवर बोट ठेवत म्हणाल्या. "नवराबायकोचं पटलं नाही, धंदा काय करणार. ही अगरबत्तीवाली आता चार बायकांना काम देऊन राहिली आहे. हा झाडू अजून झाडतो, पण झाडूवाला गेला बिचारा."

"एवढं सगळं ठेवता कशाला?"

"सही माझी आहे ना, साहेब. सरकारने तिच्या भरवशावर पैसा दिला. मग घरात दिसला पाहिजे की कुठे गेला."

मशीन गरम असलं की त्या खूश व्हायच्या, हे ठीक. पण गार मशीनवर त्यांचा राग नसायचा. एका नव्या पिठाच्या गिरणीत आम्ही गेलो तर मोटर थंडगार, पट्ट्यावर धूळ. हप्ते थकले होते. मी बाहेरच आवाज चढवला. मॅडमनी मला हाताने थांबवलं आणि त्या तरुण मालकाशेजारी पोत्यावर बसल्या.

"का रे बाळा, बंद का आहे?"

त्याची आई दवाखान्यात होती. गिरणी कोण बघणार. तो सांगता सांगता रडायला लागला. परतताना मॅडम म्हणाल्या, "गार मशीन म्हणजे चोर असं नसतं, साहेब. गार मशीन म्हणजे विचारायचं. लोकांना विचारलेलंच पुरतं पुष्कळदा." त्यांच्या सांगण्यावरून मी त्याला मुदत वाढवून दिली. ती गिरणी अजून चालू आहे. अलीकडे त्या रस्त्याने जायचं मी टाळतो.

मॅडमना वेळ लागायचा. बाकीचे निरीक्षक फोटो मागवून मोकळे व्हायचे. या बस, टेम्पो, मोटरसायकलच्या मागे बसून, जे मिळेल त्याने जायच्या. एका बैठकीत वरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांना झापलं, की तुमच्यामुळे इंदूरची प्रकरणं तुंबतात. तेव्हा मी उभा राहून म्हणालो होतो, "सर, माझ्या शाखेत मॅडमचा हात लागल्याशिवाय पैसा सुटत नाही." लोक हसले, साहेबही हसले, विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यातून माझ्यासाठी भाकरी आणि ठेचा आला. त्या दिवसापासून माझा शब्द त्यांनी कधी तपासला नाही. त्यांच्या हातून चूक झाली ती एवढीच.

त्या वर्षी शाखा मागे पडली होती आणि मार्च आला होता. मशिनं पुरवणारा एक माणूस होता, सगळे त्याला बंटी भिया म्हणत. गोड बोलायचा, येताना कचोरी आणायचा. म्हणाला, "साहब, टारगेट मेरे पे छोड़ दो. सांवेर साइड की औरतें हैं, दोना-पत्तल का काम. मशीन मेरी, कागज मेरे, आप बस सेंक्शन करो." आणि खरंच गावोगावच्या बायकांची प्रकरणं घेऊन आला. मी मंजूर करत गेलो.

पहिल्या गावात मॅडमनी पत्रावळीच्या मशीनला हात लावला, "हं, चालतंय," म्हणाल्या, पत्रावळींचा एक गठ्ठा विकत घेतला. काही दिवसांनी आम्ही दुसऱ्या गावी गेलो. कमलाबाई नावाच्या बाईचं घर, अंगणात पत्र्याच्या आडोशाला मशीन. गहू कापायला आला होता, ऊन डोळ्यांत घुसत होतं. मॅडमनी वर हात ठेवला. मग खाली बसल्या, मोटरच्या खालून हात आत घातला आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"साहेब, इकडे या जरा. हात लावा."

मी लावला. चटका बसला. "गरम आहे की."

"वरून. आता इथे खालून लावा."

खालून लोखंड माठासारखं गार होतं.

"हे उन्हाने तापलंय. उघड्या टेम्पोतून आलंय. पोटात गार आहे. आज काय, कालही चाललेलं नाही." मग त्यांनी मशीनवरच्या पाटीकडे बोट केलं. आमच्या प्रत्येक मशीनवर कर्जदाराचं आणि बँकेचं नाव असलेली पत्र्याची पाटी ठोकावी लागे. पाटी नवी होती, आणि तिच्या कडेला जुन्या स्क्रूंची रिकामी भोकं दिसत होती. "आणि दांड्यावर पडलेला हा पोचा मी त्या गावात पण बघितला. हे तेच मशीन आहे. पाटी बदलत फिरतंय."

बंटी भिया हसत पुढे आला. "क्या मॅडमजी, अब मशीन का बुखार भी नापोगे?"

सगळे हसले. मीही हसलो.

परतताना गाडीत मॅडम म्हणाल्या, "उद्या लेखी देते."

"देऊ नका," मी म्हणालो. "लेखी आलं की सगळीच प्रकरणं अडकतील, खरी पण अडकतील. मार्च जाऊ द्या. मी बंटीला सरळ करतो. माझा शब्द."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर ठीक आहे, साहेब. पण पैसे सोडू नका."

"नाही सोडत."

मार्च संपायच्या आत मी पैसे सोडले. फायलीवर तपासणी झाली असं कारकुनाकडून लिहवून घेतलं. एप्रिलमध्ये मॅडमनी बंटीचं काय झालं विचारलं तेव्हा "बघतोय" म्हणालो, मेमध्येही तेच. बंटी भियाचा फोन तोवर बंद लागायला लागला होता.

कर्जं बुडाली आणि समितीची सुनावणी लागली. सांवेरला एका धर्मशाळेच्या हॉलमध्ये. अध्यक्ष एक निवृत्त प्राचार्य होते, सज्जन माणूस. यादी वाचली जात होती. नाव वाचलं की ती बाई उभी राहायची आणि काय म्हणायचं ते न सुचून परत बसायची. कमलाबाईचं नाव आलं तेव्हा ती बसली नाही.

"म्हने तो मसीन दो दन देखी, साब. फेर टेम्पो आयो ने लई ग्यो. म्हारो अंगूठो लग्यो, बस. अबे बंक वाला केवे के तू चोर है. म्हूँ काँ से चोर?"

मशीन दोन दिवसांत गेलं, अंगठा तेवढा तिचा, आणि चोरही तीच. हॉलमध्ये गलका झाला. "पास किसने किया? देखने कौन आया था?" लोक विचारायला लागले, आणि ते विचारण्यासाठीच तर ती सुनावणी होती. अध्यक्षांनी कोणाचं नाव घेण्याआधीच मॅडम उभ्या राहिल्या.

"मैं गई थी. मशीन ठंडी थी, और किसी दूसरे गाँव की थी. मैंने उसी दिन मॅनेजर साहब को बताया था."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "पुराणिक साहब, मॅडम ने आपको बताया था?"

वर पंखा फिरत होता. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, अगदी निश्चिंत. बैठकीत मी उभा राहिलो होतो ते त्यांना आठवत असणार. मला निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. मुलीचं लग्न ठरलं होतं. ही कारणं म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात होती म्हणून सांगतो.

मी म्हणालो, "मुझे याद नहीं आता."

मॅडमच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. कमलाबाईच्या अंगणात त्यांनी ज्या तऱ्हेने त्या मशीनकडे बघितलं होतं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बसल्या. माझ्या मागून कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, "कोटे वाले हैं, और क्या." मी ते नीट ऐकलं. त्यावरही मी काही बोललो नाही. माझ्यावर कोणालाच संशय आला नाही, त्यांच्यावर चटकन आला. असं का, ते मला तेव्हाही कळत होतं आणि मी त्या कळण्याचा फायदा घेतला.

मिलिंद, आता पुढचं वाक्य सावकाश वाच, आणि दोनदा वाच. त्या हॉलमध्ये यादी वाचली होती तशी, मागच्या माणसालाही ऐकू जाईल अशी वाच. वानखेडे मॅडमनी त्याच दिवशी मला सगळं सांगितलं होतं, मीच त्यांना लिहू दिलं नाही, आणि सुनावणीत विचारलं तेव्हा मला ते स्पष्ट आठवत होतं.

कर्तव्यात कसूर असा ठपका त्यांच्यावर आला. बढती गेली. लांबच्या शाखेत बदली झाली, तिथूनच त्या निवृत्त झाल्या. महूतसुद्धा लोक म्हणत, वानखेडेबाईंनी पत्रावळीत खाल्लं. हे मी ऐकून होतो. माझा निरोप समारंभ मोठा झाला, शाल-श्रीफळ मिळालं.

स्वतःसाठी त्या कुठे भांडल्या नाहीत. पण कमलाबाईला घेऊन त्या कलेक्टर कचेरीत जात राहिल्या. बुडव्यांच्या यादीतून तिचं नाव निघेपर्यंत, दर जनसुनावणीला, तोच पिशवीचा खांदा, तेच घड्याळ. शेवटी नाव निघालं. मिलिंदने फोनवर सांगितलं की फळीवर सगळ्यात शेवटी कमलाबाईच्या पापडांचं पाकीट आहे. नव्या कर्जातून तिने काम सुरू केलं तेव्हा मॅडम जाऊन आल्या होत्या. पैसे देऊन आणलं असणार.

मी सुदामा नगरात मुलाकडे राहतो. सून म्हणते, "बाबा, हे काय तुम्ही जिथेतिथे हात लावत फिरता?" बंद टीव्हीच्या पाठीला, पाण्याच्या मोटरला, शेजाऱ्याच्या उभ्या गाडीला. मला कळतही नाही. दुपारी जरा डोळा लागला की पाठीवर कोणीतरी तळहात ठेवल्यासारखं वाटतं. दाबत नाही, हलवत नाही. नुसता ठेवलेला. जागा होऊन मी बराच वेळ कूस बदलत नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते निवृत्तीनंतर. दोघेही आता आपापल्या घरी होतो. एका थंडीच्या सकाळी मी स्कूटर काढली आणि महूला गेलो. सांगून टाकायचं, मग काय व्हायचं ते होवो, असं ठरवूनच गेलो. त्यांच्या घरासमोर रस्त्यापलीकडे पोह्यांची गाडी होती, तिथे स्कूटर बंद करून उभा राहिलो. पोहे घेतले. चहा घेतला. मॅडम बाहेर आल्या, कुंड्यांना पाणी घातलं, आत गेल्या. परत येऊन कपडे वाळत घातले. केस पार पांढरे झाले होते. पोहेवाल्याने दोनदा विचारलं, "बाऊजी, और लगा दूँ?" ऊन रस्ता ओलांडून त्यांच्या फाटकापर्यंत गेलं, तेव्हा कुठे मी स्कूटर ढकलत पलीकडे नेली.

फाटकाच्या आवाजाने त्या आल्या. मला ओळखलं. चेहऱ्यावर काही उमटायच्या आधी त्यांचा उजवा हात पुढे आला आणि स्कूटरच्या इंजिनवर टेकला. मुद्दाम केलं नसणार. आयुष्यभराची सवय.

"हं," त्या म्हणाल्या. मग मान वर करून, "गार आहे, साहेब. बराच वेळ झाला का येऊन?"

आवाजात कडवटपणा नव्हता. त्या गिरणीतल्या पोराशेजारी पोत्यावर बसून विचारलं होतं तसंच विचारत होत्या. मला फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर पुढचं सगळं आपोआप बाहेर आलं असतं.

"नाही नाही, आत्ताच," मी म्हणालो. "इकडून चाललो होतो. म्हटलं बघून जावं."

"अच्छा." त्या म्हणाल्या. "मग आत या ना. चहा टाकते."

"नको, मॅडम. घाई आहे."

मी स्कूटर वळवली आणि किक मारली. गार इंजिन ते, लागेना. पुन्हा मारली, पुन्हा मारली, धाप लागली. त्या तिथेच उभ्या राहून बघत होत्या, मदत करावी की नाही असं वाटत असल्यासारख्या. अखेर ती लागली. वळणापर्यंत त्या मला आरशात दिसत होत्या. फाटकाशी, ओल्या कपड्यांच्या दोरीखाली. हात अजून तसाच पुढे, तळवा उघडा. तो त्यांनी खाली घेतलेला मी पाहिला नाही.